कांडेचोराची नोंद

३ नोव्हें. सुट्टी
प्रुफं आली. मराठी-जपानी कोश, बारा वर्षं, एकट्यानं. 'क' तपासला. कांडेचोर : (जुना शब्द) पोलकॅट; जपानी : इताची. कोंबड्या मारणारा, दुर्गंधी सोडणारा प्राणी. ल. गुपचूप माल लांबवणारा. ठीक. प्रस्तावनाही ठीक. शेवटचं वाक्य विशेष : 'या कामी कोणाचंही साहाय्य घेतलेलं नाही.'

५ नोव्हें. रवि.
अनिरुद्ध आला, नेहमीसारखा सायकलवरून, पोह्यांना. इथे जपानात, सेंदाईलाच विद्यापीठात पोस्टडॉक, सस्तन प्राण्यांवर. प्रुफं चाळत म्हणाला, "काका, हे चुकलंय. इताची मुंगसाहून बारीक, कूळच वेगळं. कांडेचोर म्हणजे उदमांजर, झाडावरचा, फळं खाणारा. त्याचा इथला भाऊबंद हाकुबिशिन."
इंग्रज साहेबानं केलेला जुना मराठी-इंग्रजी कोश पुढे टाकला. छापलंय, पोलकॅट.
"साहेबाला वास आला की सगळं पोलकॅटच होतं, काका."
सु. हसली. बायकोनं तरी हसायला नको होतं.
मी : "डॉक्टरेट तुझी असेल. शब्द माझे आहेत. मला शिकवू नकोस."
पोहे अर्धे टाकून गेला. "येतो" म्हणाला नाही, "निघतो" म्हणाला.

१२ नोव्हें. रवि.
आला नाही. मेसेज नाही. सु. नं सवयीनं तिघांचे पोहे भिजवले.
मागची जपानी सूची तपासली. इताची नो मिचि, इताचीची वाट : इताची एकदा तुडवलेल्या वाटेनं परत येत नाही अशी समजूत, त्यावरून, जाणंयेणं, पत्रव्यवहार तुटणे. या नोंदीत चूक नाही. एकही नाही.

१५ नोव्हें.
माळ्यावर चार दिवस खुडबुड. घरमालकीण ओनो-सान बॅटरी घेऊन शिडीवर. वय ऐंशी, ऐकत नाहीत. वरूनच म्हणाल्या, "हाकुबिशिन. इताची असता तर तुम्ही नाक धरून खाली पळाला असता."
मी वर डोकं घातलं. विष्ठेत पर्सिमनच्या बिया, सबंध.
गुहागरला आमच्या माळ्यावर अशाच सापडायच्या, चिकूच्या. कांडेचोर येऊन गेला की आई म्हणायची, "आंबेमोहोर शिजतोय गं बाई कुठेतरी." वास गोड असायचा. मी स्वतः घेतलाय तो वास. मग 'दुर्गंधी' कुठून लिहिलं? पुस्तकातून. बारा वर्षांत हे वाक्य मी किती वेळा वाचलं, आणि माझं नाक...

१९ नोव्हें. रवि.
लाल पेन. 'इताची' खोडलं, 'हाकुबिशिन वर्गातला' लिहिलं. 'पोलकॅट' ठेवलं, पुढे 'जुन्या कोशांत, चुकीनं'. 'दुर्गंधी' खोडलं. नोंद आता बिनचूक.
म्हणजे प्रस्तावनेतलं 'साहाय्य घेतलेलं नाही' हे शेवटचं वाक्य खोटं.
सु. : "एक फोन करा. पोरगाच आहे तो."
"धाकट्यानं करायचा असतो."
"चूक पण धाकट्यानंच केली का?"
मी 'ख' काढला.

२६ नोव्हें. रवि.
उद्या प्रुफं परत पाठवायची. ते वाक्य अजून तसंच आहे. पेनाचं टोपण काढून बसलोय तासभर. शाई वाळली असेल.
आज सु. नं दोघांचेच पोहे भिजवले. मग पुन्हा डब्यात हात घातला. मूठ भांड्यावर धरून विचारते आहे, "टाकू?"