आपली इच्छा कळवावी

आबा, तुमच्या त्या पायानं मला आयुष्यभर वैताग दिला, हे आता माझी साठी उलटल्यावर तरी बोलू द्या. ब्रह्मदेशाच्या लढाईतून पायात लोखंडाचा तुकडा घेऊन आलात, कल्याणला बिऱ्हाड केलंत, आणि दर हिवाळ्यात जखम उघडून लस गळायला लागली की तुमचं एकच पालुपद: "फौजी पाय फौजी डॉक्टरच बघणार." ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात एकदा कसंबसं नेलं तुम्हाला. कंपाउंडर म्हणाला, "ओ म्हातारबुवा, पाय वर घ्या." झालं! पट्टी न बांधताच माघारी. "नंबर नाही विचारला, पलटण नाही विचारली," घरी येईपर्यंत तेच. मी ओरडलो, "पाय दाखवायला गेलेलात की सलामी घ्यायला?" आई भाकरी थापता थापता म्हणाली, "सुंभ जळला तरी पीळ जात नाही हो यांचा."

मग छावणीचं खूळ. लढाईच्या दिवसांत कल्याणच्या छावणीत तुमच्यावर उपचार झालेले, म्हणून विठ्ठलवाडीच्या अंगाला मला भर उन्हात चालवत नेलंत. मी सांगत होतो, आबा, तिथे आता निर्वासित राहतात. ऐकाल तर शपथ! बराकीच्या दारात एक सिंधी बाई पापड वाळत घालतेय. तुम्ही टाचा जुळवून उभे. "अस्पताल किधर है?" ती म्हणते, "भाईसाहब, यहाँ तो हमारा घर है." तिनं पाणी दिलं. पिता पिता तुम्ही तिच्या खांद्यावरून आत बघताय. "कोपऱ्यातली तिसरी खाट माझी होती," एवढंच म्हणालात. तिथे तरी माझा राग उतरायला हवा होता, पण माझी एक रजा फुकट गेलेली ना.

शेवटी तुमच्या नावानं अर्ज केला. उत्तर इंग्रजीत आलं. तुमचं शिक्षण अंगठ्यापुरतं. टोपी घालून ताठ बसलात आणि म्हणालात, "वाच रे." पुण्याच्या लष्करी दवाखान्यात दाखल होता येईल, नाहीतर ठाण्याला उपचार होतील, आपली इच्छा कळवावी, असं त्यात होतं. माझी नोकरी नवी, साहेब रजेच्या नावानं कावलेला, पुण्याला तुमच्यापाशी राहणार कोण? मी वाचलं, "ठाण्याला हजर व्हावं." तुम्ही विचारलंत, "हुकूम आहे?" मी म्हणालो, "हो." "मग प्रश्न मिटला." उत्तर मी लिहिलं. अंगठा तुम्ही उठवलात, नुसती पोच समजून.

ठाण्याला पाय गुडघ्याखाली काढावा लागला. पुण्यातही वेगळं काही झालं नसतं, असं मी स्वतःला सांगत आलोय, पण कुणास ठाऊक! कुबडीवर चालताना कुणी हळहळलं की तुम्ही म्हणायचात, "सरकारचा हुकूम होता." एकदाही कुरकुर नाही. बाकी सगळ्यावर भांडलात, एवढ्यावरच गप्प का बसलात हो? एक शिवी हासडली असतीत तर मी तिथल्या तिथे सगळं ओकलो असतो.

हे पत्र ट्रंकेत त्या कागदाखाली ठेवतोय. तुम्ही असतात तर हेही मलाच वाचायला लावलं असतंत, टोपी घालून, ताठ बसून. मी कंपाउंडर वाचला असता, पापडवाली बाई वाचली असती. आणि खरं सांगतो, आबा, त्या कागदापाशी आलो की पुन्हा गाळलं असतं.