पत्रिकेवर आत्याचं नाव

तेनाली, ३ फेब्रुवारी १९८४

ति. अक्कास,
येसुपादमचे प्रभूच्या नावाने वंदन वि. वि.

काल सत्यानंदम स्वतःच्या पायांनी विहिरीपर्यंत चालत गेला. नदी ओलांडताना पडाव उलटून कृष्णेचं पाणी छातीत गेलं, तेव्हापासून तीन महिने अंथरुणाला खिळलेला पोरगा. करुणम्मा तर, आईच ती, त्याला बघून रडायलाच लागली. रविवारी १९ तारखेला घरी उपकारस्तुतीची सभा ठेवली आहे. अंगणात मांडव, दीडशे माणसं आणि पुलाव.

आपल्या घरात मुलासाठी साक्ष आत्यानेच द्यायची, ही जुनी रीत. म्हणून पत्रिकेत तुझं नाव छापून टाकलं. आधी विचारलं असतं तर तू नाहीच म्हणाली असतीस, लहानपणापासून ओळखतो तुला. फार बोलू नकोस. प्रभू त्या पाण्यात आपल्या मुलाजवळ होता, तो दयाळू आहे, विश्वासू आहे, एवढं पुरे. तुझ्या कृपावरमची आठवण आम्हालाही रोज येते. पण आपलाच मुलगा गेला हे धरून किती दिवस बसायचं, अक्का? चर्चचे पाळक म्हणाले की तुझ्या तोंडून आभार आले तर मंडळीचा विश्वास वाढेल.

येताना गोंगुऱ्याचं लोणचं आण, करुणम्माचं दर वर्षी बिघडतं. हे तिला सांगू नकोस. लोभ आहेच, तो रुसव्यात आटू देऊ नकोस.

तुझा धाकटा,
येसुपादम


चिनलंका, ८ फेब्रुवारी

चि. येसुपादमास अक्काचे आशीर्वाद.

पत्र मिळालं, पत्रिकाही. अक्षरं सोनेरी काढलीस. कृपाला मातीआड केलं त्या दिवशी तू कबरस्तानाच्या फाटकातूनच परत फिरलास, सत्यमचा ताप चढला म्हणून. मी तेव्हा काही बोलले नाही, आता बोलते.

पडाव एकच होता. दोघं प्रार्थनेच्या कन्व्हेन्शनहून एकाच फळीवर बसून परतत होते. प्रभू तुझ्या मुलाजवळ होता म्हणतोस, मग माझा काय परक्या गावचा होता? पाळकबाई सांगून गेल्या की देव चांगली फुलं आधी खुडतो. मी विचारलं, मग तुमच्या परसातली कशी राहिली. तेव्हापासून त्या येत नाहीत. बरंच झालं.

देव नाही असं मी म्हणत नाही. तेवढं सुख माझ्या नशिबी नाही. चुलीशी बसले की तो तिथेच असतो, आणि मी त्याला वाटेल ते बोलते. पण दीडशे माणसांपुढे पुलावाच्या वासात आभार मानायला माझी जीभ वळणार नाही. जखमेवर मीठ चोळतोस आणि वर त्याला मान म्हणतोस. नाव खोडून टाक, मी येणार नाही.

सत्यमला दूध वेळेवर देत जा. त्याच्यावर माझा राग नाही.

अजून तरी तुझीच,
अक्का


तेनाली, १२ फेब्रुवारी

ति. आत्यास सत्यानंदमचे वंदन.

तुझं पत्र बाबांनी आईला वाचून दाखवलं. माझ्यावर राग नाही, हे मी पलीकडच्या खोलीतून ऐकलं. तेव्हापासून घास उतरत नाही, म्हणून त्यांच्या चोरून लिहितो आहे.

पडाव उलटल्यावर वाहत आलेला केळीचा खांब आधी कृपाच्या हाताला लागला. त्यानेच हाक मारून मला जवळ बोलावलं. दोघांच्या भाराने खांब बुडायला लागला, तेव्हा मी त्याची बोटं सोडवली, एकेक करून.

बाबा येईल त्याला सांगतात की प्रभूने मला धरून ठेवलं होतं. मी त्यांना खरं सांगायला गेलो, तर हा तापातला भ्रम म्हणून त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला आणि प्रार्थना सुरू केली. आत्या, तू ये. साक्षीत सगळ्यांपुढे हेच सांग. माझ्याने होत नाही.

लोभ ठेव असं कोणत्या तोंडाने लिहू?

सत्यानंदम


चिनलंका, १५ फेब्रुवारी

चि. सत्यानंदमास,

या खेपेला आशीर्वाद लिहिलेला नाही, समजून घे.

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि चुलीत घातलं. त्या दिवशी घरात काही शिजलं नाही. मी देवाला तोंडाला येईल ते बोलले. तुझ्या वाट्याच्या शिव्याही त्यालाच दिल्या. माणसाला इतकं बोलले असते तर तो उठून गेला असता. हा गेला नाही. त्याने उलट उत्तर दिलं नाही, स्वतःची बाजू मांडली नाही. आणि तुला त्या पाण्यात त्याने बघितलं होतं, तरी तीन महिने कुणाजवळ चहाडी केली नाही, माझ्याजवळसुद्धा.

म्हणून मी रविवारी येते. साक्ष देईन. तो जवळ असतो आणि ऐकून घेतो, याबद्दल मी त्याचे आभार मानते, एवढंच म्हणेन. त्याहून जास्त म्हटलं तर ते खोटं होईल. तुझ्या बाबांना आनंद होईल, होऊ दे.

तुझी गोष्ट मी सांगणार नाही. मी सांगितली तर तू सुटशील, आणि तू इतक्या स्वस्तात सुटावंस असं मला वाटत नाही. ती तुझ्याच तोंडून बाबांनी ऐकायला हवी.

साक्ष झाली की आत्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवते. लोक बघत असतील, मीही ठेवीन. तो हात देवाचा समज. माझा यायला वेळ लागेल.

कृपाची आई