चेरीखालची बादली

बाबा, आज येना विद्यापीठात विद्यार्थ्यांना पुन्हा तुमची चेरी शिकवली. लुडविग्सहाफेनच्या आपल्या बागेत ती एकटीच फुलायची, आणि फळाच्या नावाने शून्य. तुम्ही कारखान्यातले केमिस्ट, पण स्वयंपाकघराच्या टेबलावर फूल उभं चिरून मला दाखवलंत. परागकण फुलात पडतो, नळी काढून खाली बीजांडाकडे निघतो. पण त्याच्या जनुकातली खूण फुलाच्या खुणेशी जुळली, की फूल ती नळी वाटेतच मारतं. स्वतःचा पराग नको, परका हवा. मग शेजारच्या जर्मन आजोबांकडून दुसऱ्या वाणाच्या फुललेल्या फांद्या मागून आणल्यात आणि बादलीत घालून झाडाखाली ठेवल्यात. बाकीचं मधमाश्यांनी केलं. त्या उन्हाळ्यात झाड लगडलं.

त्या चेरीचा मुरंबा पाहुण्यांना वाढताना तुमचं प्रवचन ठरलेलं: आपल्या पूर्वजांना हे विज्ञान ठाऊक होतं, म्हणून तर सगोत्र लग्न नको. सगळे माना डोलवायचे. मला तेव्हा अभिमान वाटायचा, आता किळस येते. कारण पुढे मी ज्याला घरी आणलं तो माझ्याच प्रयोगशाळेतला, नागपूरच्या बौद्ध घरातला. तुम्ही त्याला आधी आडनाव विचारलंत, मग मुरंब्याची बाटली परत कपाटात ठेवलीत. तो गेल्यावर मला म्हणालात, "गोत्र वेगळं हवं गं, पण माणूस आपल्यातलाच हवा."

जन्मभर विज्ञान मिरवलंत, आणि आत इतके भित्रे? चेरीसाठी परक्याच्या दारात बादली घेऊन उभे राहिलात, पण मुलीच्या लग्नाला श्टांडेसआम्टपर्यंत, त्या विवाहनोंदणी कचेरीपर्यंत, तुमचे पाय वळले नाहीत. मरेपर्यंत त्याच्याशी एक शब्द बोलला नाहीत. झाडाला डोकं नसतं, तरी त्याला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. तुम्ही गेलात तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, हेही सांगून टाकते.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी आता टाकलं नसतं. परवा नाश्त्याला लेक म्हणाली, तिच्या गेर्लिंगेनच्या ऑफिसातला एक मराठी मुलगा तिला आवडतो, रविवारी त्याला घरी आणणार आहे. माझ्या तोंडून पहिला प्रश्न गेला, "आडनाव काय?"

"वारूम?" कशासाठी, असं तिने जर्मनमध्येच विचारलं. तुम्ही नाकारलेला जावई समोरच बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मुरंब्याच्या बाटलीला झाकण लावलं आणि ती कपाटात ठेवून दिली.