विधवेचं पांढरं

गुलेद,

जिवंतपणी तुला 'अहो' म्हणायचे. आता ते पुरे. तुझ्या बंदूकवाल्या पोरांसारखं 'अमीर', म्हणजे सरदार, तर मुळीच म्हणणार नाही.

तू तापानं गेलास त्याला महिना झाला. तुझ्या माणसांनी तुला केळीच्या बागेत गुपचूप पुरलं. परवा ईदला मात्र रेडिओवर तुझा संदेश वाचला. जिवंत असताना इतकं गोड कधी बोलला नव्हतास!

मी विधवेचे पांढरे कपडे मागितले, तर तुझा उजवा हात शिरवा म्हणतो, "वहिनी, अमीर जिवंत आहेत."

"मग बागेत काय बियाणं पेरलंत?"

"जीभ आवरा. पोरांनी शपथ त्यांच्या नावानं घेतलीय. ते नाहीत हे कळलं, तर सगळी बंदुका टाकून घरी पळतील."

बरं झालं, मूर्खानं स्वतःच सांगितलं.

मी शेजारच्या उगबादकडे गेले. तिच्या नवऱ्याला तू भर बाजारात गोळी घातलीस, तीच. तिनं पेटीतून स्वतःचे पांढरे कपडे काढले. म्हणाली, "तुझ्या नवऱ्याचीच मेहेरबानी आहे ही. घे, आता तुझी पाळी."

तुझ्यासाठी मी रडणार नाही. पण डोक्यापासून पायापर्यंत पांढरं घालून आत्ता बाजारात निघालेय, तुझ्या नाक्यावरूनच. पहाऱ्यावरच्या पोरांना वाचता येत नसेल, पण पांढऱ्याचा अर्थ कळतो. तुझ्या कृपेनं निम्म्यांच्या आया तेच घालतात.

शिरवा मला मारेलही. मारू दे. बायकोला मारून तिचा मेलेला नवरा जिवंत होत नाही.

तुझी विधवा,
इद्दिल