मावल्याच्या खोलीचं कुलूप

माय, तुझी नात आता स्वतः आई झाली आहे. परवा फोनवर म्हणाली, बाळाला सांभाळायला ये, चार-सहा वर्षं राहा माझ्याजवळ. मी हो म्हणून बसले आणि तेव्हापासून नुसती तूच आठवते आहेस.

तेलुगू मुलखातल्या मावला गावची ती भाड्याची दीड खोली. लेकीचे बाबा दूर निर्मल गावी नोकरीला, मी साडेनऊला ऑफिसला निघायची आणि तू त्या एवढ्याशा पोरीला घेऊन आत. बाहेरून कुलूप मी लावायची. शेजारी सगळे तेलुगू बोलणारे. तू खिडकीतून त्यांच्याशी आपल्या बोलीत बोलायचीस, ते हसायचे, तू चिडायचीस. नातसुद्धा त्यांचं ऐकून तुला आजीऐवजी अम्मम्मा म्हणू लागली, तेव्हा तू दिवसभर तिच्याशी अबोला धरलास. संध्याकाळी मी आले तर तिला दुधात भाकर कुस्करून भरवत होतीस.

कुलपाला कारण आहे, असं मी सगळ्यांना सांगायची. एकदा तू पोरीला कडेवर घेऊन आपल्या गावाला, तामसीला निघाली होतीस. बसची पाटी तेलुगूत, तुला वाचता येईना. एका गाडीत बाया आपल्यासारखं बोलताना ऐकल्या आणि तू चढलीस. त्या निघाल्या वांकिडीकडच्या, गाडीही तिकडचीच, तामसीच्या उलट्या वाटेची. कंडक्टरनं वाटेत गुडीहत्नूरला उतरवून तुला परतीच्या गाडीत बसवलं. मी तुला नाही नाही ते बोलले. तू एवढंच म्हणालीस, "बाया तं आपल्याच होत्या."

तुला जायचं होतं ते कापूस वेचणीच्या पहिल्या दिवसासाठी. आपल्या वावरात आधी सीतादही व्हायचं. दहीभात शिंपायचा, घरातल्या मोठ्या बाईनं पहिला कापूस वेचायचा, मग बाकीच्यांनी हात लावायचा. आजी गेल्यापासून तो मान तुझा. "एकच दिवस सोड मले," तू म्हणायचीस. "कापूस फुटला असन. काऊन कोंडून ठेवतं?" मी म्हणायची, रजा नाही माय, पुढच्या वर्षी नक्की. तीन वर्षं हेच सांगितलं तुला. तिसऱ्या वर्षी दार उघडून आत आले तर तू उशी उसवून कापूस फरशीवर पसरलेला, आणि पोरगी माझ्या ओढणीची ओटी बांधून एकेक पुंजका उचलत होती. हे काय मांडलंस, मी ओरडले.

"तिले वेचणी शिकवून राह्यली," तू म्हणालीस. "तुले कुठं येळ हाय."

मला त्या वेळी उशीचंच पडलं होतं. आता शरम वाटते त्याची. तू कापूस परत भरलास आणि उशी शिवून दिलीस.

पुढच्या उन्हाळ्यात तू कायमचीच गेलीस. त्या साली वेचणी वहिनीनं सुरू केली. मी तामसीला गेले होते. साहेबांकडे रजेचा अर्ज ठेवला तर त्यांनी मान वर न करताच सही केली. तीन वर्षांत मी तो एकदाही ठेवला नव्हता.

हे पत्र कुठे टाकणार, कपाटातच राहील. म्हणून खरं लिहिते. तू हरवशील अशी भीती मला कधीच नव्हती. विचारत विचारत तू तामसीला बरोबर पोचली असतीस. एकदा वावरात पाय पडला की तू परत येणार नाहीस आणि नोकरी सोडून त्या खोलीत मला बसावं लागेल, याची भीती होती. म्हणून मी तुला बसवलं.