बारकीचा दुहेरी आवाज

१२ नोव्हेंबर

ताई, नमस्कार.

तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं आणि आता पुन्हा सुईत दोरा ओवता येतो, असं ठोक्याकडून कळलं. बरं वाटलं. निदान हे पत्र तुला दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं लागणार नाही. मी ठीक आहे. छापखान्यात अजून मशीनवर उभा असतो. गुडघे कुरकुरतात, पण चाललंय. क्लॅरिनेट पेटीतच आहे.

पत्राचं कारण असं, की एक लेखिका आमच्या 'बिघाड'वर पुस्तक लिहिते आहे. ज्या बँडला ऐकायला चार टाळकी जमायची नाहीत, त्याचा आता इतिहास. बाई दोनदा येऊन गेली. मी बोलता बोलता थांबलो की तीही थांबते, घाई करत नाही. पुढच्या महिन्यात ती तुझ्याकडे येणार आहे. त्याआधी मी तुला लिहायला हवं.

सुरुवातीचं तिला सगळं सांगितलं. छापखान्यामागचं कागदाचं गोदाम, कारण कागदाच्या रिमांच्या थप्प्यांत आवाज मुरायचा आणि शेजारी भांडायला यायचे नाहीत. ठोक्या बाइंडर, हाताला लागेल ते बडवणारा. मिस्त्री मशीनं दुरुस्त करायचा, त्यांची खडखड टेपवर घेऊन निम्म्या वेगानं वाजवायचा. आणि तुझी धाकटी बहीण बारकी, प्रूफं वाचणारी. दिवसभर मजकूर मोठ्यानं वाचायची, स्वल्पविरामासकट. सहा वर्षं गाणं शिकलेली, त्यामुळे वाचता वाचता सूर लागायचा. एकदा तिनं औषधाच्या डब्यातला सूचनांचा कागद अंगाईच्या चालीवर म्हटला, मागे कागद कापायच्या मशीनचा ठेका, आणि आम्हाला आमचं गाणं सापडलं. बंद पडलेल्या मशीनवर 'बिघाड' अशी पत्र्याची पाटी अडकवायचे, तेच नाव घेतलं. पहिल्या कार्यक्रमाला अकरा जण होते. तिघं मध्येच उठले, एक झोपला. गाणं शिकवणारे म्हणाले, हा गोंगाट आहे. नाचायला आलेले म्हणाले, ही शाळा आहे. आम्ही धड इकडचे ना तिकडचे, आणि त्याचीच आम्हाला ऐट.

हे सांगताना मजा येते. तिसऱ्या रेकॉर्डपाशी आलो की मी चहा करायला उठतो. दोन्ही वेळा उठलो.

त्या रेकॉर्डमधला बारकीचा आवाज तू ऐकला असशील. एकाच श्वासात दोन सूर. वरचा स्वच्छ, आणि त्याखाली एक खरखरीत, फरशीवरून जड टेबल ओढत न्यावं तसा. जाणकारांनी लिहिलं की तिनं गळ्याची नवी तऱ्हा शोधून काढली. लेखिकेनं विचारलं, ही तऱ्हा बसवली कशी? मी म्हणालो, रियाझ.

ताई, तो रियाझ नव्हता. ती गाठ होती.

तिला डॉक्टरांकडे मीच नेलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोग अजून लहान आहे, लगेच काढला तर जीव वाचेल. गाण्याचं मात्र सांगता येत नाही. तीन मार्च ही तारीख ठरली. बारकी तयार होती, ताई. घाबरली होती, पण तयार होती. बाहेरच्या बाकावर तिनं मला विचारलं, "तुला काय वाटतं?" तोवर त्या रेकॉर्डची चारच गाणी झाली होती. हा आवाज पुन्हा मिळायचा नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी म्हणालो, "दोन महिने. रेकॉर्ड संपवू, मग जाऊ."

तिनं तारखेची चिठ्ठी माझ्या हातात दिली. मग म्हणाली, "फोन तू कर. मला जमणार नाही."

मी केला. मी तिचा भाऊ बोलतोय, घरच्यांनी ऑपरेशन पुढं ढकलायचं ठरवलंय, असं खोटंच सांगितलं. ठोक्या आणि मिस्त्रीला सांगितलं की डॉक्टरांनीच पुढची तारीख दिली. दोन महिन्यांचे पाच झाले, कारण रेकॉर्ड गाजली आणि कार्यक्रम येत गेले. मे महिन्यात एका मध्यंतरात तिच्या रुमालावर रक्त आलं. मी पाणी दिलं आणि विचारलं, दुसरा भाग करशील ना? तिनं केला.

ऑगस्टमध्ये तिचं स्वरयंत्रच काढून टाकलं. तू वॉर्डात मला विचारलंस, "हिला कुणी सांगितलं नव्हतं का?" मी म्हणालो, "सांगितलं होतं ग. ऐकते का ती? तुला तिचा हट्ट माहीत आहे." बारकी दोन हातांच्या अंतरावर पलंगावर होती, जागी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग तुझ्याकडे बघून होकाराची मान हलवली.

तेव्हापासून नऊ वर्षं मी मिठाची गुळणी धरून बसलोय. लेखिकेला खरं सांगायचं की नाही, ते तू ठरव. तू म्हणशील तसं करेन.

क्षमा मागायची सोय मी ठेवलेली नाही, म्हणून मागत नाही.

तुझ्या घरी ज्याला कधी दार वाजवावं लागलं नाही, तो


२६ नोव्हेंबर

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं.

तुला एक ठाऊक नाही, ते सांगते. बारकी शेवटचे सात महिने माझ्याकडे होती. तू एकदाही फिरकला नाहीस. मी तिला अंघोळ घातली, नळीतून भरवलं, तिच्या चादरी धुतल्या. पण तिच्याशी बोलले नाही. हट्टापायी जीव घालवलास, आता भोग, असं मनात धरून बसले. तिला बोलता येत नव्हतं आणि मी बोलत नव्हते. घरात फक्त शिवणयंत्र वाजायचं. ती वहीत लिहून पान माझ्यापुढं धरायची. मी म्हणायचे, डोळ्यांना दिसत नाही. तेव्हा मला सगळं स्वच्छ दिसत होतं.

एके दिवशी तिनं एकच पान तीनदा पुढं केलं. मी मान वर केली नाही. ती गेल्यावर वही उघडली. त्या पानावर लिहिलं होतं, "ताई, काहीतरी बोल." परवा तुझं पत्र आल्यावर मी सगळी वही पुन्हा चाळली. तिनं तुझ्याबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही.

ठरवायचं माझ्यावर टाकू नकोस. एकदा बारकीवर टाकलंस, तेवढं पुरे. लेखिकेला सगळं सांग, तारखेसकट, फोनसकट, रुमालासकट. तुझं सांगून झालं की तिला माझ्याकडे पाठव. मलाही माझं लिहून द्यायचं आहे.

तू येऊ नकोस.

बारकीची बहीण