ळ नसलेलं नाव

४ जून, सकाळ

"नावाचं काय लोनचं घालाचं हाये? हाक मारली का पोरगी आली पायजे, बस." सोमारी आत्या हे माझ्या बारशाला बोलली होती. मी तेव्हा बारा दिवसांची होते, म्हणजे ऐकलं असलं तरी आठवायला नको. पण बाबांनी चव्वेचाळीस वर्षांत इतक्या वेळा सांगितलं की आता आठवतंच.

बाबांनी माझ्यासाठी भाग्यश्री नाव शोधलं होतं. आत्याच्या तोंडात ते बसेना. तिने पाळण्यात वाकून माझ्या कानात 'भागी' सांगितलं आणि घुगऱ्या खायला बसली. झालं. शाळेत हिंदीचे गुरुजी हजेरी घेताना विचारायचे, भागी? कहाँ भागी? गाव अजून विचारतं. आणि मी तर लग्न करूनसुद्धा या गावाबाहेर गेले नाही. "नाव भागी आन पोरगी घरातच," हा आमच्याकडचा सगळ्यात टिकाऊ विनोद आहे.

काल हेमराजला मुलगी झाली. धाकट्या भावाची पहिली मुलगी. म्हणजे आता आत्या मी. नाव ठेवण्याचा मान माझा. आमच्या घरातली एक चूक दुरुस्त करायची संधी चव्वेचाळीस वर्षांनी आली आहे. संकल्प: असं नाव, जे तालुक्यात कुणाचं नाही आणि ज्याचा कुणाला चुरा करता येणार नाही.

४ जून, संध्याकाळ

चिमूरच्या दवाखान्यात जाऊन बाळ पाहून आले. दोन किलो सातशे. रंग मोहाच्या टोरीसारखा. मोहाचं फळ फोडल्यावर आत जी तपकिरी बी निघते ना, तेल चोपडल्यासारखी गुळगुळीत, अगदी तशी. हे फक्त इथे लिहिलं. बाहेर बोलणार नाही. नावं अशीच पडतात, कुणाच्या तरी बेसावध तोंडातून. लोकांना भान नसतं.

५ जून

शास्त्रशुद्ध पद्धतीने काम सुरू केलं. आमच्या गावाला ण येत नाही, त्याचा न होतो. श चा स होतो. ळ चा र होतो. बाबा जाळ्याला जारं म्हणतात. रुपाली, म्हणजे हेमराजची बायको, कोरपन्याकडची. तिच्याकडे ळ चा य होतो, ती जायं म्हणते. मी अंगणवाडी सेविका, मी जाळं लिहिते. एका घरात एक जाळं आणि त्याची तीन नावं. मासे तिन्हींत तेवढेच सापडतात. (हे छान जमलं. कुठेतरी वापरायला हवं.)

निष्कर्ष: नावात ण, श, ळ नको. ळ तर मुळीच नको. एवढी साधी गोष्ट आजवर कुणाला कशी सुचली नाही?

७ जून

बाबांवर चाचणी घेतली. ते अंगणात जाळं विणत बसले होते. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, बाबा, मृण्मयी कसं वाटतं? (ण आहे, पण अर्धाच.) ते म्हणाले, "मुरमुरी? बरं हाये. हलकं हाये." मग निहारिका विचारलं. ते म्हणाले, "न्यारी झाली ना वो मंगाच. भाकर खाल्लो मी." दोन्ही नावं खोडली. बाबांचा दोष नाही. प्रयोगासाठी असाच माणूस हवा. जे नाव बाबांच्या तोंडून साबूत बाहेर येईल ते जगात कुठेही टिकेल.

अंगणवाडीच्या रजिस्टरमध्ये चार आराध्या आणि तीन आरोही आहेत. घरी त्यांना चिंगी, भुरी, ढब्बू, गोटी म्हणतात. आया म्हणतात, हाक मारायला सोपं पडते. मी त्यांना नेहमी सांगते, मुलाला पूर्ण नावाने हाक मारा, व्यक्तिमत्त्व घडतं. आळस, दुसरं काय.

८ जून

बाळ घरी आलं. दिवसभर बघणाऱ्यांची रीघ. दुपारी मी पाळणा हलवत होते तर रुपाली म्हणाली, "बाई, हे टोरी कोन?" मी म्हटलं, कोण टोरी? ती म्हणाली, "तुमीच म्हनून राह्यल्या ना. झोप वो टोरी, झोप वो टोरी." मी म्हटलं, अंगाईत असंच म्हणतात, जुनी पद्धत आहे. तिला पटलं असावं. हसत होती, पण बाळंतिणी कशालाही हसतात.

१० जून

सापडलं!

जुन्या शब्दकोशात सापडलं. तोया. तोय म्हणजे पाणी. आमचं घर तीन पिढ्या तलावावर जगलेलं, मुलीचं नाव पाणी. त्यात ण नाही, श नाही, ळ नाही. दोनच अक्षरं, तोडायला जागा नाही. 'तो' म्हणावं तर मुलगा होतो, 'या' म्हणावं तर पाहुणे घरात शिरतात. टोपणनावाची वाटच बंद. शब्दाखाली दोन रेघा मारल्या. इतकं परिपूर्ण काम माझ्या हातून पूर्वी कधी झालं नव्हतं.

बारशापर्यंत कुणाला सांगायचं नाही. बाबांनाही नाही. म्हणजे चाचणी राहिली, पण ज्या नावात बिघडण्यासारखं अक्षरच नाही त्याची चाचणी कशाला?

१२ जून

हेमराज सकाळपासून मागे लागला होता. "भागीबाई, सांग ना वो, कानातच सांग." मी नुसती हसले. गूढ हसणं मला चांगलं जमतं असं वाटलं. त्याने विचारलं, दात दुखते का?

टोरीला आज पहिल्यांदा तेल लावलं. नंतर टोरी चार तास झोपली. (या वहीत तिला टोरी लिहिते ते मुद्दाम. खरं नाव लिहिलं आणि वही कुणाच्या हाती लागली तर? तात्पुरता गुप्त शब्द आहे.)

१४ जून

सोमारी आत्या बारशासाठी आली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, अजून कणा ताठ. पाळण्याजवळ बसली आणि मला म्हणाली, "तुले काय ठेवाचं ते ठेव, भागी. मी काई म्हनत नाई." मग बाळाला म्हणाली, "काऊन वो टोरी, आत्या तुले तरास देते का?"

मी हेमराजला बाजूला घेऊन विचारलं, टोरी हे कुणी पसरवलं? तो म्हणाला, "तूच."

काहीतरी गैरसमज आहे. असो. उद्या सगळं संपेल. आरशासमोर सराव केला: तो-या. तो लांब, या मोकळा. सुंदर.

१५ जून, संध्याकाळ

शांतपणे लिहायचं ठरवलं आहे.

कोरपन्याची मंडळी अकराला आली. पाळणा सजला. मी नवं लुगडं नेसले होते. पाळण्यात वाकले, पाठीवर बायकांच्या बुक्क्या सुरू झाल्या, आणि मी बाळाच्या कानात सांगितलं, तोया. मग उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, तोया.

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. याच क्षणाची मी वाट पाहत होते.

मग रुपालीची आई रडायलाच लागली. "माय वो! तोया! सोन्याचा तोया!" मला मिठी मारली. "बाईनं आमच्या नातीले सोन्याचं नाव ठेवलं वो!" मला काही कळेना. रुपाली कानाशी येऊन म्हणाली, "बाई, आमच्या इकडे सोनं तोयानंच मोजते ना."

तेव्हा कळलं. जाळ्याला जायं म्हणणारी माणसं तोळ्याला तोया म्हणतात. हे मला माहीत होतं. दहा दिवसांपूर्वी याच वहीत लिहिलं आहे, विनोद म्हणून. मी ळ टाळला आणि त्यांनी तो स्वतःहून आत घातला.

आमच्या बायका विचारायला लागल्या, तोया म्हंजे काय वो? कुणीतरी तोळ्याचं आमच्या बोलीत करून सांगितलं, "तोरा, तोरा. सोन्याचा तोरा." त्यावर शेजारची कलाबाई म्हणाली, "आतापासूनच तोरा? आत्यावर गेली वाट्टे." सगळ्या हसल्या. मी सांगत होते की नाही हो, तोय म्हणजे पाणी, पाणी. कुणीतरी मला पाणी आणून दिलं.

शेवटी सोमारी आत्याने निवाडा केला. "पोरगी हाये, तोरा काऊन? तोरी म्हना." आणि दारातून बाबा म्हणाले, "टोरीच ना? ते तं आधीच ठेवली होती भागीनं."

घुगऱ्या चांगल्या झाल्या होत्या, म्हणे. मी खाल्ल्या नाहीत.

१७ जून

हेमराज नाव नोंदवायला निघाला तेव्हा मी चिठ्ठीवर ठळक अक्षरांत लिहून दिलं. दाखल्यावर 'तोया' बरोबर आलं आहे. एका कागदावर तरी आलं. माझंही राशन कार्डावर बरोबर आहे.

नवा संकल्प: रोज शंभर वेळा तोया म्हणायचं. ऐकून ऐकून घराला सवय लागेल.

१९ जून

काल चार वेळा म्हटलं. आज एकदा, तेही रुपालीने आठवण करून दिल्यावर. ती बिचारी म्हणाली, "बाई, मी म्हनू का तुमच्याबरोबर?" आम्ही दोघींनी मिळून म्हटलं. तिचा तोया ऐकला की मला सराफाचं दुकान दिसतं. तिला तसं सांगितलं नाही.

२४ जून

आज बाबांना विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा. तुम्हीच भाग्यश्री नाव शोधलंत, मग तुम्ही मला भागी का म्हणता?

त्यांनी हातातल्या जाळ्याची गाठ मारली. मग म्हणाले, "म्हनून पाह्यलो ना वो. तू लहान होती तं तलावाच्या त्या पारीवर, बांधावर, खेराले जाय. मी डोंग्यातून हाक मारो, भाग्यस्रीऽ. अर्धं पान्यातच पडे. तू काई येत नोहती. भागी म्हनलो का एकदम दिसे, फ्राक उडवत येऊन राह्यली."

मी म्हटलं, गाव हसतं हो त्या नावाला. ते म्हणाले, "हसते. पन तू येत होती ना."

संकल्प काही नाही.

२८ जुलै

महिनाभर लिहिलं नाही. काम फार होतं. (काम नव्हतं.)

आज टोरीला वजनाला अंगणवाडीत आणलं. चार किलो दोनशे. मोबाइलच्या ॲपमध्ये तिचं नाव भरलं, तोया हेमराज, आणि रजिस्टरच्या कोपऱ्यात ओळखीसाठी पेन्सिलीने काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते रजिस्टर बंद केल्यावर लक्षात आलं. खोडायला रबर सापडला नाही. शोधलाही नाही.

मग शेवटची चाचणी. वजनाच्या झोळीत ती पडली होती. मी म्हटलं, तोया. ती छताकडे बघत राहिली. पुन्हा म्हटलं, तो लांब, या मोकळा. तिने जांभई दिली. मी म्हटलं, टोरी. सगळं तोंड उघडून हसली. इतकं लहान बाळ नाव ओळखत नाही, नुसत्या आवाजाला हसतं, हे मी दर महिन्याला आयांना शिकवते. तरी इकडेतिकडे पाहून घेतलं आणि अजून तीन वेळा म्हटलं. तीनही वेळा हसली.

ही वही सुरुवातीपासून चाळली. ज्या बाईला स्वतः ठेवलेलं नाव दीड महिना तोंडात टिकवता आलं नाही, तिने कुणाकडे काही मागू नये. पोरगी ऐकणार नाही, हेही दिसतंच आहे. तरी मागून ठेवते. टोरी, बोलायला लागलीस की एकदा, तलावाच्या पाळीवर आजूबाजूला कुणी नसताना, मला भाग्यश्री आत्या म्हणशील?